चौकशीचा कागद

सायमानं कागदांचा गठ्ठा पलंगावर ठेवला तेव्हा रमजान तांबोळी चष्मा पुसत बसले होते. चष्मा स्वच्छच होता. समोर माणूस आलं की काय बोलावं हे त्यांना चटकन सुचत नसे, म्हणून हाताला काम द्यायची ही जुनी सवय. मग ते माणूस सख्खी नात का असेना.

"नाना, जरा हे मराठी बघून द्या. आमच्या मॅडम म्हणतात, वाक्यं परकी वाटतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कळणार नाहीत."

"मला तरी कळतील का, बघू," रमजान म्हणाले.

"घ्या!" परवीन स्वयंपाकघरातून म्हणाली. "जन्मभर पुस्तकांत डोकं घातलं आणि आता म्हणे कळतील का बघू. पोरी, हे असंच बोलतात. मनातनं म्हणत असतील, माझ्याशिवाय कळणार कुणाला!"

सायमा हसली. रमजानही हसले. बायकोच्या बोलण्यातलं निम्मं त्यांनी पन्नास वर्षं असं हसण्यावारी नेलं होतं.

सायमा त्यांच्या मुलीची मुलगी. पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत होती आणि शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिनं विषय घेतला होता आत्मप्रीतीचा. माणूस स्वतःच्याच प्रेमात किती बुडालेला असतो, आणि ते मोजायचं कसं. त्यासाठी तिला पौड आणि आसपासच्या गावांतली साठी ओलांडलेली चाळीस माणसं हवी होती. रमजान पौडच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि आपण कधी वर्गावर गेलो नाही हे सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता. त्यांच्या शब्दाला मान होता, तो बहुधा ते शब्द फार कमी काढत म्हणून.

सायमानं तीन कागद वेगळे करून दाखवले. पहिल्यावर वाक्यांच्या चाळीस जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतलं आपल्याला लागू पडेल ते एक निवडायचं; 'चारचौघांत बोलायला मिळालं की मला चेव येतो', नाहीतर 'चारचौघांत मी मागे बसतो'. दुसऱ्यावर दहाच वाक्यं, पण प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. जितकं खरं तितका मोठा आकडा. 'कुणी माझी दखल घेतली नाही तर ते मला फार दिवस टोचत राहतं', अशा जातीची. तिसरा कागद स्वतःबद्दल नव्हताच. पुष्कळ वर्षांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल भरायचा होता.

"एकाच गोष्टीला तीन मापं कशाला?" रमजानांनी विचारलं.

"ती एकच गोष्ट आहे की नाही, यावरच तर भांडण आहे, नाना." सायमा पाय वर घेऊन बसली. "काही जण म्हणतात, आत्मप्रीती म्हणजे मिरवणं. छाती पुढे, आवाज मोठा. ती पहिल्या कागदावर सापडते. दुसरे म्हणतात, तिचा एक मुका प्रकार असतो. असा माणूस मिरवत नाही. पण जगानं आपल्याला ओळखावं म्हणून आतल्या आत झुरतो, आणि नाही ओळखलं की डूख धरतो. तो पहिल्या कागदावर दिसतच नाही, उलट अगदी साधा निघतो. डॉक्टर लोकांचं आणखी वेगळं. ते म्हणतात, हा आजार आहे, समोर बसवून बोलल्याशिवाय ठरवू नका. आणि काही म्हणतात, आजारबिजार काही नाही, उंचीसारखं असतं, प्रत्येकात कमी-जास्त."

"मग खरं कुणाचं?"

"ते ठरलं असतं तर मला प्रबंध कुणी करू दिला असता?"

"आणि हा तिसरा कागद?"

"माणूस स्वतःबद्दल खरं सांगेलच कशावरून? म्हणून जवळच्याला विचारायचं. आपल्याकडे लग्न ठरायच्या आधी चौकशी करतात ना, तसंच."

रमजानांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

आठवडाभर त्यांची त्या वाक्यांशी झटापट चालली. 'माझ्यात नेतृत्वाची नैसर्गिक देणगी आहे' याचं त्यांनी 'गावाचं काम निघालं की लोक आधी माझ्याकडे बघतात' केलं. पहिल्या कागदावर काम करताना त्यांच्या डोळ्यांपुढे सारखे त्यांचे जुने दोस्त दादासाहेब येत. हा कागद जणू त्यांचं माप घेऊनच शिवला होता. रमजानांना त्यात गंमत वाटली, आणि गंमत वाटली याची थोडी लाजही. दुसऱ्या कागदाला मात्र वेळच लागला नाही. दहाही वाक्यं एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता उतरली. इतकी सहज, की लिहून झाल्यावर ते बराच वेळ पेनाचं टोपण हातात धरून बसले. ही वाक्यं आपण आधी कुठंतरी म्हटली आहेत, असं त्यांना वाटत राहिलं.

कागदांवर नाव लिहायचं नव्हतं. पाकिटावर नुसता नंबर. त्यांनी गावात ओळखीच्या माणसांना पाकिटं वाटली, आणि अकरा नंबरचं स्वतःकडे ठेवलं. पहिल्या कागदावर त्यांचे चाळीसपैकी तीन आले. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी दुसरा कागद भरला. पन्नासपैकी शेहेचाळीस. त्यांनी बेरीज दोनदा तपासली. तिसरा कागद दादासाहेबांवर भरायला घेतला आणि तसाच कोरा पाकिटात घातला. दादासाहेबांवरचा कागद त्यांनी एकदा भरून दिला होता. बावीस वर्षांपूर्वी, तोंडी.

*

दादासाहेब जवळच्याच कासार आंबोली या गावचे. पाचवीपासून रमजानांच्या बाकावरचे. बाप सावळा मेंढरं राखायचा, आई तुकाबाई दुसऱ्यांच्या भातखाचरांत रोजानं राबायची. त्या घरातून वर येऊन दादासाहेबांनी जमीन केली, उपसरपंच झाले, आणि हे सगळं त्यांनी पहिल्याच भेटीत ज्याला सांगितलं नाही असा माणूस तालुक्यात सापडणं मुश्कील. दर गुरुवारी ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला पौडला येत आणि रमजानांच्या ओट्यावर दोन तास बसत. बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं रमजानांचं.

"रमज्या! आरं कुटं हायस? वहिनी, च्या टाका. गाडी तिकडं कोपऱ्याव लावून आलोय. एवढी मोठी घेतलीया, तुमच्या गल्लीत मावंना."

"मग गल्लीला तुमचंच नाव देऊन टाका, भावजी," परवीन म्हणाली. "नावाला तरी रुंद होईल."

"आर्ज दिलाय!" दादासाहेब बसले तसा ओटा कुरकुरल्यासारखा वाटला. "काय ते कागद म्हनं हायेत? समद्या गावाला वाटलं आन मलाच न्हाई?"

रमजानांनी पाकीट दिलं. दादासाहेबांनी खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं. उपसरपंच असताना लागलेली ती खोड सुटली नव्हती. पहिल्याच कागदाच्या माथ्यावर त्यांनी ठळक अक्षरांत स्वतःचं नाव घातलं, खाली 'माजी उपसरपंच', खाली गाव.

"दादा, नाव लिहायचं नाही."

"मग कळायचं कसं, कुनी भरलंय?"

"ते कळू नये म्हणूनच."

"का? म्या काय चोरी केलीया?"

चाळीस जोड्या त्यांनी मोठ्यानं वाचत, प्रत्येकीवर एक हकिगत सांगत पुऱ्या केल्या. शेवटी एक सुटा प्रश्न होता: तुम्ही स्वतःला आत्मप्रेमी समजता का? एक ते सात. दादासाहेबांनी सातावर गोल केला आणि थोडा विचार करून शेजारी आठ लिहिलं.

"लाज वाटत नाही?" परवीन चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"आपल्यावर आपुन न्हाई मया करायची तर कुनी करायची? सावळानं केली न्हाई. त्येची समदी मया मेंढरांव." दुसरा कागद त्यांनी भराभर उरकला. "'दखल घेतली न्हाई तर टोचतं.' घेत न्हाईत असं हुईलच कसं? एक. 'दुसऱ्यांची वाहवा झाली की मला उदास वाटतं.' हॅट. एक." मग पेन थांबलं. आवाजही जरा खाली आला. "रमज्या, ह्या तोंडानं माझ्या पोरीचं जमत आलेलं मोडलं, ते लिवायला जागा हाय का रं ह्यात कुटं?"

रमजान कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"भोरची मानसं आलती. पोरगा मास्तर, मनीष नावाचा. पोरीला बी पसंत. आन मी बसलो दोन तास माझाच पोवाडा गात. चुलत्याच्या हातात च्या गार झाला पर मी थांबलो न्हाई. दुसऱ्या आठवड्यात निरोप, योग न्हाई म्हनून." त्यांनी कप बशीत उपडा केला. "बरं. तिसरा कागद कुनावर भरू?"

"ओळखीच्या कुणावरही. माझ्यावर नको."

"तुझ्याबिगर हाय कोन?"

डाव्या हाताची ओंजळ आडवी धरून, शाळेत पोरं धरतात तशी, ते लिहू लागले. "बगू नगंस. परीक्षेत तू मला कदी दावलंस?" लिहून झाल्यावर पाकीट जिभेनं चिकटवून त्यांनी ते रमजानांच्या मांडीवर टाकलं.

*

रविवारी सायमा आली आणि पाकिटं फोडायला बसली. रमजान बेरजा करून देत होते.

"नाना, हा अकरा नंबर बघा!" तिचे डोळे चमकले. "पहिल्या कागदावर तीन. दुसऱ्यावर शेहेचाळीस! असाच एक हवा होता मला. गावात सगळे याला देवमाणूस म्हणत असतील. आणि याला कुणी एकदा नमस्कार करायला विसरलं, तर हा दहा वर्षं विसरायचा नाही."

"असेल," रमजान म्हणाले.

"फक्त तिसरा कागद कोरा टाकलाय."

पुढचं पाकीट दादासाहेबांचं निघालं. सायमानं कपाळावर हात मारला. "नाव, हुद्दा, गाव! फक्त फोटो चिकटवायचा राहिला. आणि तिसऱ्यावर तुमचं नाव, नाना. तिन्ही बाद. पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन कोरे भरून आणते." तिनं ते कागद बादच्या ढिगात टाकले आणि परवीनला मदत करायला आत गेली.

रमजानांनी तो तिसरा कागद उचलला. उचलायला नको होता. हा माणूस दुसऱ्याचं बरं झालेलं बघून जळतो का? कधीच नाही. मनाविरुद्ध झालं की डूख धरतो का? कधीच नाही. स्वतःचा मोठेपणा राखायला दुसऱ्याला कमी लेखतो का? कधीच नाही. दहाच्या दहा ठिकाणी हिरवी खूण एकाच रांगेत. सगळ्यांत खाली: या माणसाला तुम्ही किती ओळखता? पूर्णपणे. आणि समासात, कुणी विचारलं नसताना, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'ह्यो मानूस तोंडावर एक आन पाठीमागं एक बोलत न्हाई. साठ वरसं बगतोय.' खाली सही.

बावीस वर्षांपूर्वी भोरकडचा तो चुलता दुपारच्या सुट्टीत शाळेच्या वाचनालयात आला होता. आपल्याकडे अशी चौकशी उघड करत नाहीत. पत्ता विचारायला आलो, म्हणायचं, पाणी मागायचं, मग हळूच विषय काढायचा. सोयरिकीसाठी पौडच्या वाटेनं येणाऱ्यांना कुणीतरी सांगे, मास्तरांना विचारा, ते कमी बोलतात पण खोटं बोलत नाहीत. रमजानांनी तोपर्यंत आठ-दहा घरांची अशी साक्ष दिली होती आणि त्या कामाचा त्यांना मनातून अभिमान होता.

"मुलगी कशी आहे?" चुलत्यानं विचारलं.

"गुणी आहे. वाचते. आठवड्याला दोन पुस्तकं नेते." हे खरं होतं. समीक्षासारखी वाचणारी मुलगी त्या वाचनालयाला दुसरी मिळाली नव्हती.

"आणि वडील?"

रमजानांनी टेबलावरचं रजिस्टर सरळ केलं. समोर दोन नवी लोखंडी कपाटं उभी होती. दारांवर लाल रंगात, हातभर अक्षरांत, दादासाहेबांचं नाव. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा देणगी-समारंभ झाला होता. दादासाहेबांचं भाषण रमजानांनीच लिहून दिलं होतं. त्यात सगळ्यांचे आभार होते: मुख्याध्यापकांचे, रंगाऱ्याचे, कपाटं आणणाऱ्या टेम्पोवाल्याचेही. स्वतःचं नाव तेवढं रमजानांनी घातलं नव्हतं. आपल्याच हातानं कसं घालायचं? ते दादासाहेब बोलता बोलता आपसूक घालतील, या भरवशावर ते शेवटच्या रांगेत बसले होते. दादासाहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. रमजानांनीही वाजवल्या.

"मोठा माणूस आहे," ते चुलत्याला म्हणाले. "त्यांना सगळं मोठंच लागतं." चुलता पुढं ऐकायला थांबला होता. खिडकीतून पोरांचा कालवा येत होता. रमजान म्हणाले, "बाकी तुम्ही शहाणे आहात."

चौकशीच्या बोलीत याचा अर्थ एकच होतो. ज्याच्या घरात लेक उपवर आहे अशा कुणालाही तो ठाऊक असतो. चुलत्यानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला, आभार मानले आणि तो गेला. रमजानांनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. ही गोष्ट त्यांनी पुढं बावीस वर्षं ताईतासारखी गळ्यात बाळगली.

*

त्याच रविवारी जेवण झाल्यावर रमजानांनी टोपी घातली.

"आता कुठं?" परवीननं विचारलं.

"कासार आंबोलीला. दादाकडे."

"आज गुरुवार आहे का? आणि तुम्ही कधीपासून कुणाच्या घरी जायला लागलात? पन्नास वर्षांत माझ्या माहेरी चारदा आलात."

ते चपला घालून बाहेर पडले. पिरंगुटकडे निघालेल्या जीपमध्ये मागच्या बाकावर, दोन पोत्यांच्या मधे जागा मिळाली. वाटेत ते वाक्यं जुळवत होते. नेहमीप्रमाणे वाक्यं चांगली जुळत होती, आणि म्हणूनच त्यांना त्यांची भीती वाटत होती.

दादासाहेबांच्या घरामागच्या चढावर आता शहरातल्या लोकांचे बंगले झाले होते. अंगणात शेळ्या बांधलेल्या. समीक्षा पायरीवर वह्या तपासत बसली होती. कोळवणच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत ती शिकवायची. केस कानापाशी पांढरे झाले होते. भोरचं मोडल्यावर दोन-तीन स्थळं आली, जमली नाहीत. मग तिनंच पुरे म्हटलं.

"या काका. आबा वर बंगलेवाल्याकडं गेलेत. त्याला शेळ्या कशा पाळायच्या ते सांगायला. त्यानं विचारलेलं नाही."

रमजान बसले. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"समीक्षा, ते भोरचे लोक आले होते ना तुला बघायला..."

"तुमच्याकडं चौकशीला आले होते," ती म्हणाली. लाल पेन वहीवरच होतं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच महिन्यापासून. मनीषच्या बहिणीनं पत्र पाठवलं होतं. तुम्ही काय बोललात, ते शब्दन् शब्द होतं त्यात. 'बाकी तुम्ही शहाणे आहात' पण होतं."

त्याच महिन्यात तिनं दोन पुस्तकं परत केली होती आणि गावकऱ्यांना देत ते वर्गणीचं कार्डही टेबलावर ठेवलं होतं. मन लागत नसेल पोरीचं, असं समजून रमजानांनी काही विचारलं नव्हतं. कार्डावर त्यांनी सुरेख अक्षरात 'रद्द' असं लिहून तारीख घातली होती.

"आबांना का नाही सांगितलंस?"

"त्यांच्या मागं माणसं शंभर असतात, काका. दोस्त एकच आहे." तिनं पान उलटलं. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. पहिल्या वर्षी फार वाटायचं. मग वाटायचं थांबलं."

"मला माफ..."

"माझी माफी नका मागू. माझं मी निस्तरलं. मला माझी शाळा आवडते, हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत." आता तिनं वर पाहिलं. "पण आबा तेव्हापासून कुणाच्या पोरीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला आत बसत नाहीत. भावकीतलं असो, नात्यातलं असो. बाहेर ओट्यावर बसतात. माझ्या तोंडानं परत कुणाचं मोडायला नको, म्हणतात. एवढा बोलका माणूस, काका. मी बघते आणि गप्प बसते. तुमच्यासारखीच झाले मी."

चढावरून दादासाहेबांचा आवाज आधी आला, मागून ते. "आरं! सूर्व्या कुनीकडनं उगावला? रमज्या माझ्या दारात! समे, च्या टाक. आन शेजारच्यांना वरडून सांग!"

समीक्षा वह्या उचलून आत गेली.

जुळवलेली वाक्यं रमजानांना आठवली नाहीत. उभ्यानंच, शेळ्यांच्या दावणीपाशी, अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. चुलत्याचं सांगितलं, रजिस्टर सरळ केल्याचं सांगितलं, आणि ते शब्द जसेच्या तसे. मग भाषणाचंही सांगितलं. ते सांगायचं टाळावं असं शेवटपर्यंत वाटत होतं, कारण सगळ्यांत क्षुल्लक तेच होतं. "तुझ्या तोंडानं नाही मोडलं, दादा. माझ्या मोडलं."

दादासाहेबांनी एका करडाच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

"भाषान तूच लिवलं व्हतंस."

"हो."

"तुजं नाव त्यात न्हवतं."

"मी घातलं नव्हतं."

"मग म्या कुटनं वाचू?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू लिवलंस तसं वाचलं. दोन राती पाठ केलं. एक शबूद हिकडचा तिकडं केला न्हाई. का? रमज्यानं लिवलेल्यात आपुन हात घालावा एवढी आपली अक्कल न्हाई, म्हनून."



साठ वर्षांत दादासाहेबांना गप्प झालेलं रमजानांनी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. करडू निघून गेलं तरी हात हवेत तसाच होता. चहा आला, दोघांनी उभ्यानं घेतला. मग दादासाहेब रस्त्याकडे बघत म्हणाले, "जीप जाईल तुजी."

परतीच्या जीपमध्ये रमजानांना आणखी एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर बरं, असं त्यांना वाटलं. आपण सांगत होतो तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात आपण वाट बघत होतो. दादा म्हणेल, रमज्या, खरं बोलायला छाती लागते. बावीस वर्षांनी, गुन्हा कबूल करतानासुद्धा, ते शेवटच्या रांगेत बसून आपलं नाव ऐकायला थांबले होते.

*

गुरुवारी परवीननं तीन कप मांडले. अकरा वाजले, बारा वाजले. ती दोनदा दारात जाऊन आली.

"भावजी आजारी नाहीत ना?"

"नाही."

"तुमचं काही बिनसलंय का?"

"माझं चुकलंय," रमजान म्हणाले. आणि चष्मा न पुसता, तिच्याकडे बघत, त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. परवीन ऐकत राहिली. तिनं टोमणा मारला नाही. उठून तिसरा कप फक्त फळीवर ठेवून दिला.

रविवारी सायमा कासार आंबोलीहून आणि आणखी दोन गावांतून उरलेली पाकिटं घेऊन आली. सगळी एकत्र मिसळून तिनं फोडली आणि तिसऱ्या कागदांचा गठ्ठा आजोबांपुढे सरकवला. "बेरजा तुम्हीच करा. तुमची चुकत नाही."

गठ्ठ्यातल्या चौथ्या कागदावर हिरवी शाई होती.

या वेळी वर नाव नव्हतं. ना भरणाऱ्याचं, ना ज्याच्यावर भरला त्याचं. समास कोरा होता. रमजानांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. जळतो का? कधीच नाही. डूख धरतो का? इथं पेन टेकवून थोडा वेळ थांबलं असावं, शाईचा ठिपका पसरला होता. पण खूण तिथंच. कधीच नाही. दुसऱ्याला कमी लेखतो का? कधीच नाही. दहाच्या दहा, मागच्यासारख्याच, एका रांगेत.

मग ते शेवटच्या ओळीवर आले.

"किती झाले, नाना?"

"शून्य," रमजान म्हणाले. "याच्याविरुद्ध एकही गुण नाही."

"अरे वा. आणि ओळख किती लिहिलीय? ते आधी बघावं लागतं. त्यावर कागदाचं वजन ठरतं."

रमजानांनी वाचायला तोंड उघडलं. मग तसाच कागद तिच्या हातात दिला.

"'थोडीशी'," सायमानं वाचलं, आणि आपल्या वहीत त्या नंबरापुढं तसं लिहून घेतलं.